बोट

वारा इतका की पांढऱ्या ठिपक्यावर चेंडू ठरत नाही.
म्हणून पंचानं मला हाक मारली.
आमच्या फेरो बेटांवर ही रीतच आहे,
किक बसेपर्यंत कुणीतरी पालथं पडून
चेंडूवर बोट ठेवायचं.

मी हॉग्नी, डावा बचाव.
आठवडाभर सॅमनची पोटं फाडतो,
बोटाला वास, नखाखाली खवले.
गवत प्लास्टिकचं, ओलं, हनुवटी त्यात रुतलेली.
इथून मला फक्त बूट दिसतात.

ट्रोन्दुरचे बूट.
डावा दोनदा आपटतो, उजवा एकदा.
मग मोजा वर ओढणं, मग परत डावा.
दोन वर्षांपूर्वी यातलं काही नव्हतं.
यायचा, मारायचा, जायचा,
जाताजाता कुणी दार लोटावं तसा.

मग तो एक चेंडू
आडव्या खांबावरून गेला, कुंपणावरून, खडकांवरून,
थेट समुद्रात.
खाली सीमुन होता, त्याचा बाप.
दर रविवारी बोट घेऊन थांबायचा,
पाण्यात पडलेले चेंडू जाळीनं काढायला.
त्याला सामना दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा.
त्या दिवशी ओरडा आला नाही,
चेंडू आला.
त्यानं तो काढला, स्वेटरला पुसला,
चढ चढून आणून दिला मुलाच्या हातात.
बोलला काहीच नाही.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं, ट्रोन्दुर म्हणतो,
शिवी विसरता येते.

फेब्रुवारीत सीमुन गेला. झोपेत, समुद्रात नाही.
बोट आता शेडमागे पालथी आहे.

तेव्हापासून सामन्याआधी ट्रोन्दुर ओकतो.
निळी बादली आहे त्यासाठी, कारखान्यातून मीच आणलेली.
आमचा कोच हानुस शाळेत गणित शिकवतो.
म्हणतो, श्वास मोज. चार आत, सहा बाहेर.
ट्रोन्दुर मोजतो. आकडे चुकत नाहीत,
श्वास चुकतो.

राजधानीतून एक बाई आल्या होत्या, मानसशास्त्राच्या.
म्हणाल्या, भीतीचं चित्र काढा.
कुणी गोलकीपर काढला, कुणी घराचा हप्ता,
मी आपली एक लाट.
त्यानं स्वेटर काढला.
मग खेळता कशासाठी? बाईंनी विचारलं.
तो बराच वेळ पेन्सिलीचं टोक बघत राहिला.
रविवारी सगळं गाव इथे असतं, म्हणाला,
घरी मी कुणाशी बोलू?
बाईंनी लिहून घेतलं.
मी वाकून पाहिलं, रकाना होता "प्रेरणा".

आता शिट्टी पंचाच्या ओठांत आहे.
चेंडू थरथरतोय.
वारा आहे, की माझं बोट,
की बुटांतून झिरपत आलेलं त्याचं काही?
वाटलं, हळूच काहीतरी म्हणावं.
पण काय? "तू मारशीलच" हे
ऐंशी माणसं आधीच ओरडतायत,
आणि त्यातला "च" नेमका
त्याच्या घोट्यावर पडतोय.
म्हणून म्हटलं,
"लवकर मार रे, पोट भिजलं माझं."

बूट थांबले.
वरून एक आवाज आला, हसल्यासारखा
किंवा खोकल्यासारखा.
मग धाव.
माझ्या नखावरून बूट गेला.

झाला गोल. जरा फसलेलाच,
गोलकीपर घसरला नसता तर... असो.
सगळे त्याच्या अंगावर पडले,
मी बोट तोंडात धरून बसलो.
तो उठला तो कुंपणापाशी गेला,
खाली पाण्याकडे पाहिलं,
आणि काही पडलं नसताना
कुणीतरी वर येईल अशी वाट पाहत राहिला.

पुढच्या रविवारी, पावणेदोनला,
बादली कुठाय, त्यानंच विचारलं.
दिली. पाठीवर हात ठेवून उभा राहिलो.
माझं नख काळं पडलंय.
वाढून जायला, म्हणे, सहा महिने लागतात.